नवाबाचा होकार

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं फारसं जमत नाही. शब्दही साधेच येतात. मोठा शब्द वापरायला गेलो की तो कच्च्या वेल्डिंगसारखा ऐनवेळी निखळतो. तेवढं सांभाळून घ्या.

जिंतूरहून येलदरीकडे जाताना रस्त्याला लागून माझं वेल्डिंगचं दुकान आहे. दिवसभर अँगल, पट्ट्या, पाईप कापायचे. प्रत्येक कामातून वीतभर तुकडा उरतो. फेकवत नाही, म्हणून कोपऱ्यात टाकतो. मग एक दिवस बघावं तर दुकानात पाय ठेवायला जागा नसते! किस्स्यांचं तसंच झालं आहे. बोलून टाकावेत, तर चार माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही. शेजारचे रफीकमामू टेलर म्हणतात, "दत्तानं वेल्डिंगचा धंदा कामून धरला? मशीन चालू असलं की बोलावं लागत न्हाई!" ते खरं आहे. म्हणून लिहितो.

माझं दुकान आणि मामूंचं दुकान यांच्या मधे मीच केलेलं एक लोखंडी बाकडं आहे. त्यावर रोज दोन माणसं भांडायला येतात. एक आमचे बापू, दुसरे गावचे पोलीस पाटील.

बापू शेतकरी. त्यांच्या पुतण्यानं त्यांना मोबाईल घेऊन दिला, आणि त्यात परदेशातल्या कुणा माणसाची भाषणं हिंदीत ऐकून ऐकून बापूंची मतं तयार झाली. त्या मतांना इंग्रजीत एक लांबलचक नाव आहे. बापूंनी ते आम्हाला दोनदा शिकवलं, पण संध्याकाळपर्यंत तेही विसरले. आम्ही नुसतं 'बापूंचं मत' म्हणतो. ते असं: ज्यात दुसऱ्याचं नुकसान नाही, तो गुन्हाच नाही. आपलं रक्षण आपण करायचं, त्यासाठी हत्यार ठेवायचा हक्क पाहिजे. आणि सरकारला कुणाचाही जीव घ्यायचा अधिकार नाही.

पाटलांचं मत त्यापेक्षा सोपं आहे. "फाशीच द्यायला पायजे!"

*

बापूंच्या डोक्यावर एक केस नाही. तरी रोज सकाळी ते टाळूवर मोगऱ्याच्या वासाचं तेल चोपडतात. मामूंनी एकदा विचारलं, "बापू, बाल एक नहीं, फिर तेल कायकू?"

बापू म्हणाले, "केस गेले मामू, सवय न्हाई गेली!"

त्यामुळे बापू दिसण्याआधी त्यांचा वास येतो. आणि त्यामुळेच ते हेल्मेट घालत नाहीत. आत घसरतं म्हणतात.

एकदा मी खिडकीची जाळी मांडीवर घेऊन त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून जिंतूरला चाललो होतो. नाक्यावर हवालदारानं हात केला. मी जाळीच्या आड लपलो. बापूंना मात्र आनंद झाला. कुणीतरी ऐकणारं मिळालं ना!

"साहेब, मी पडलो तर डोकं कुणाचं फुटंल?"

"तुमचंच."

"मग नुकसान कुणाचं?"

"तुमचंच की."

"मग ह्यात तुमच्या डोक्याला काही तरास हाय का?"

हवालदार पावती फाडत म्हणाला, "तुमी यायच्या आधी काहीच नव्हता!"

पुढे गेल्यावर बापूंनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "माणूस चांगला हाय रे दत्ता. फक्त सरकारात अडकलाय."

*

पाटलांची फाशी फार स्वस्त असते. मोबाईल चोरला, फाशी. दुधात पाणी घातलं, फाशी. रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावला, तर भरचौकात फाशी! एकदा बसस्टँडवरच्या हॉटेलात त्यांना गार भजी मिळाली, तेव्हाही त्यांनी हेच सुचवलं होतं.

बापू म्हणाले, "पाटील, तुमच्या हातात दिलं तर दोरखंड कमी पडतील. बैल मोकळे फिरतील गावात!"

"मग सोडून द्यायचं का गुन्हेगाराला?"

"सोडा कोण म्हणायलाय? ज्याचं नुकसान केलं त्याला भरपाई करून द्यायला लावा. पण जीव घेणं सरकारच्या हातात देऊ नका. आवो, मतदार यादीत माझ्या नावापुढं कौसाचा फोटो छापलाय सरकारनं! ते दुरुस्त होईना आजून. उद्या समजा फाशी मला झाली, तर चढवतील तिला!"

कौसा म्हणजे बापूंच्या घरच्या कौसाकाकू. त्या नेमक्या बापूंचा डबा घेऊन आल्या होत्या. डबा बाकड्यावर ठेवत म्हणाल्या, "चढवू द्या. तेवढंच एक दिवस चुलीपासून सुट्टी!"

*

बापूंकडे बंदूक आहे. खरीखुरी. वडिलांच्या वेळची ठासणीची, पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेली. तिच्यानं आजवर एकही डुक्कर मेलेलं नाही. आवाज तेवढा होतो, तोही तिच्या मनात असेल तर. पण बापू तिच्याबद्दल असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, किल्ल्यावरची तोफ आहे.

"दत्ता, ज्याच्या घरात हत्यार हाय, त्याच्या घरात कुणी शिरत न्हाई."

मामू आतून म्हणाले, "बापू, तुमच्या घरात शिरून घ्यायचं काय?"

निवडणूक लागली की नियमाप्रमाणे परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. निरोप घेऊन पाटील आले. बापूंनी तासभर भाषण केलं. "मी मतदानाला बंदूक घेऊन जाणार हाय का? मी काय उमेदवाराला डुक्कर समजायलोय का?"

पाटील म्हणाले, "तेच लिहून देता का?"

शेवटी बापूंनी बंदूक धोतरात गुंडाळली आणि लेकीला सासरी पाठवावं तशी ठाण्यात नेऊन दिली. दोनच दिवसांत डुकरांनी त्यांचा अर्धा भुईमूग उकरला! इतक्या दिवसांत कधी इतकी आली नव्हती.

बापू तसेच चिखलाच्या पायांनी बाकड्यावर आले आणि पाटलांसमोर उभे राहिले. "मला आचारसंहिता लावली, बरं केलं. पण डुकरायला कामून न्हाई लावली?"

पाटलांनी खिशातली वही काढून लिहून घेतलं. मग म्हणाले, "वर कळवतो."

*

निकाल लागल्यावर बंदूक परत आली. बापूंनी ती बाकड्यावर ठेवून धोतरातून सोडवली आणि आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. नळीच्या तोंडाशी माती! ठाण्याच्या खोलीत ती भिंतीला टेकून उभी होती, तेवढ्या दिवसांत कुंभारीण माशीनं नळीत मातीचं सुंदर घर बांधलं होतं.

मी तार घेऊन पुढे झालो. बापूंनी माझा हात धरला.

"थांब. हे घर कुणी बांधलंय?"

मी म्हणालो, "माशीनं."

"माती कुणी आणली?"

"तिनंच."

"सरकारची मदत घेतली?"

"न्हाई."

"मग ही तिची स्वतःच्या कष्टाची मालमत्ता हाय. ती आपणहून जाईपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई!"

पाटील म्हणाले, "पण बंदूक तुमची हाय ना!"

बापू विचारात पडले. मग म्हणाले, "ह्याच्यावर भाषण ऐकावं लागंल."

ती बंदूक आजही बापूंच्या घरात खुंटीला टांगलेली आहे. माशी कधीच गेली. तिच्या जागी दुसरी आली. बापू म्हणतात, भाडेकरू असेल.

*

आता नवाबाबद्दल सांगतो. खरं तर त्याच्यासाठीच एवढं लिहायला घेतलं.

मागच्या पावसाळ्यात बापूंना शेतात साप चावला. सरकारी दवाखान्यात नेलं. दोन दिवस काही खरं नव्हतं. कौसाकाकू दवाखान्याच्या पायरीवर बसून माळावरच्या म्हसोबाला बोलल्या, "ह्यायला उठून बसव, जत्रेला तुला बोकड देईन."

बापू उठून बसले. ते शुद्धीवर येताच पाटील त्यांना म्हणाले, "बघा, सरकारनंच वाचवलं शेवटी!"

बापू म्हणाले, "सुई टोचायच्या आधी माझी परवानगी घेतली व्हती का?"

काकूंनी बाजारातून काळं करडू आणलं. कपाळावर पांढरा ठिपका. देवाला बोललेला बोकड आमच्याकडे बांधत नाहीत, तो गावभर मोकळा फिरतो. जत्रेच्या दिवसापर्यंत त्याला कुणी मारायचं नाही, कुणी हाकलायचं नाही. हा दिवसभर सावकाश चालायचा, कुणाच्याही दारात जाऊन मान वर करून उभा राहायचा, आवडेल ते खायचा आणि न आवडलेलं तिथंच टाकून निघून जायचा. मामू म्हणाले, "ये तो नवाब है!" तेच नाव पडलं.

दुपारी मात्र तो माझ्या दुकानात यायचा. मशीनच्या मागे सावलीत बसायचा. त्याच्याशी मी बोलायचो. चार माणसांसमोर फुटत नाही तो आवाज त्याच्यासमोर बरा फुटायचा. तो रवंथ करत ऐकायचा. मधे बोलायचा नाही. अशी माणसं कमी आहेत.

पण जत्रा जवळ यायला लागली तसं मी दुकानातलं कॅलेंडर उलटं करून टांगलं.

*

नवाबाचा मोठा गुन्हा मामूंच्या दुकानात घडला. पाटलांनी मेहुण्याच्या लग्नासाठी भारी कापड आणून शर्ट शिवायला टाकला होता. मामूंनी बाह्या लावल्या, कॉलर केली आणि नमाजाला गेले. परत आले तर पाटलांच्या शर्टाला उजवी बाही होती, डावी नवाबाच्या तोंडात होती!

पाटील आले. शर्ट बघितला. बोकडाकडे बघितलं. आणि अर्थातच म्हणाले, "फाशी!"

मामू म्हणाले, "पाटील, वो तो पहले से लिखी हुई है उसकी. जत्रेला."

सगळे हसले. मी हसलो नाही.

बापू मधे पडले. "फाशी न्हाई, कोठडी न्हाई. ज्यानं नुकसान केलं त्यानं भरपाई करायची. पाटील, तुमच्या आंगणात गवत माजलंय ना? नवाब खाऊन साफ करंल. बाहीची किंमत फिटली की सुटला."

पाटलांना हे पटलं. फुकट गवत निघत होतं. सकाळी ते नवाबाला घेऊन गेले. मी दुपारभर नीट वेल्डिंग करू शकलो नाही. एका ग्रिलला उलटी कडी लावली.

संध्याकाळी पाटील स्वतःच नवाबाला ओढत आले. नवाबानं गवताला तोंड लावलं नव्हतं. पाटलीणबाईंचा झेंडू, वाळत घातलेली कुरडई, टीव्हीच्या डिशची वायर आणि उरलेली उजवी बाही एवढं मात्र त्यानं साफ केलं होतं!

"बापू," पाटील हात जोडून म्हणाले, "भरपाई पोचली. सगळी पोचली. आता ह्याला घेऊन जा, न्हाई तर घरची मलाच फाशी देईल!"

*

आमच्याकडे बोकड देवाला द्यायची एक रीत आहे. आधी त्याच्या अंगावर तांब्याभर पाणी ओततात. बोकडानं अंग झाडलं तर देवानं घेतला, त्याचा होकार मिळाला, असं समजतात. मग बोकड कापणारा मुलाणी पुढे होतो. आमच्या गावात ते काम मामूंच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. वर्षभर गळ्यात टेप, आणि जत्रेच्या दिवशी एकदा हातात सुरी. मामूंना ते आवडत नाही. त्या दिवशी ते जेवत नाहीत, पण मान घरचा आहे म्हणून जातात.

एका दुपारी मी तापलेला पाईप गार करायला त्यावर पाणी मारलं. दोन थेंब शेजारी बसलेल्या नवाबाच्या पाठीवर उडाले. फक्त दोन! तर तो उठून उभा राहिला आणि नाकापासून शेपटीपर्यंत असा थरारला की बाकड्यावरचा बापूंचा चहा सांडला.

मामू दारात उभे होते. म्हणाले, "दत्ता, इसकू पानी मत लगा बाबा. ये तो फौरन 'हौ' बोल देता!"

कुणीच हसलं नाही. पाटीलसुद्धा. बापूंनी सांडलेल्या चहाकडे बघितलं आणि उठून गेले.

*

मी ठरवलं, काकूंशी बोलायचं. सरळ सांगायचं की काकू, नवस दुसऱ्या कशानं फेडता येतो का बघा, नारळ द्या, घंटा द्या, घंटा मी स्वतः करून देतो. रात्रभर पाठ केलं. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या दारात गेलो.

काकू तांदूळ निवडत होत्या. नवाब त्यांच्या मांडीला पाठ घासत उभा होता.

"काय रे दत्ता?"

पाठ केलेलं सगळं गेलं. मी म्हणालो, "काकू, गेटाला रंग कोणता देऊ?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "कोणतं गेट?"

त्यांच्या घराला गेट नाही. काट्याची फांदी आडवी लावतात.

मी म्हणालो, "मग राहू द्या," आणि निघालो.

"दत्ता!" काकूंनी मागून हाक मारली. मी थांबलो. त्या नवाबाच्या ठिपक्यावरून बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "देवाला बोललेलं हाय रे. मागं कसं घेऊ? हे उठून बसले ना." आणि परत तांदूळ निवडायला लागल्या.

*

जत्रेच्या आदल्या दिवशी बाकड्यावर मोठं भांडण झालं. बापू म्हणाले, "हा करार मला मान्य न्हाई. जीव माझा, बोली कौसाची, मरायचं नवाबानं. माझी सही न्हाई, त्याची सही न्हाई. असला कुठं करार असतो?"

पाटील म्हणाले, "बापू, मागच्या जत्रेला मटणाची तिसरी वाटी मागताना कुणाची सही बघितली व्हती?"

हे लागलं. कारण बापूंना मटण फार आवडतं. ते मान खाली घालून बसले. मामू टेप गुंडाळत होते, उलगडत होते, परत गुंडाळत होते.

थोड्या वेळानं बापूंनी मान वर केली. "ठीक हाय. रीत हाय ना? रीतीनं होऊ द्या. त्याचा होकार घ्या. पण होकार म्हणजे होकार! कानात फुंकर मारायची न्हाई. शेपूट पिरगाळायचं न्हाई. तांब्यावर तांबे ओतायचे न्हाईत. एक तांब्या, एकदा. जबरदस्तीनं घेतलेला होकार हा होकारच न्हवं!"

पाटील इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आवो, त्याला तांब्या कशाला? नुसतं दाखवलं तरी झाडतोय ते! कबूल. एक तांब्या. पोलीस पाटील म्हणून शब्द देतो."

मलाही ते माहीत होतं. दोन थेंब पुरतात. मी दुकान लवकर बंद केलं.

*

जत्रेला पाहुणे फार आले होते. पेडगावहून बापूंचे व्याही आले, चारठाण्याहून काकूंचे भाऊ आले. माळावर चुली पेटल्या होत्या, मसाला वाटून तयार होता. बापूंनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि चेहरा असा केला होता की जणू त्यांनाच कापायचं आहे.

काकू नवाबाला घेऊन आल्या. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. आणि काय दिसत होता! काळा अंगरखा घातल्यासारखा नुसता चमचमत होता. बायका म्हणाल्या, "कौसाबाईनं काय राखलंय बोकड!"

पाटलांनी नाक वर केलं. "मोगऱ्याचा वास कुठून यायलाय?"

मामू म्हणाले, "बापू बाजूला उभे हैं ना."

पाटलांना पटलं. मामू नजर चुकवून देवळाकडे बघत उभे राहिले.

मला तिथं थांबायचं नव्हतं. तरी थांबलो. मी मनातल्या मनात नवाबाला म्हणत होतो, आज फक्त गप्प उभा राहा, मी रोज राहतो तसा. अवघड नसतं ते!

पुजाऱ्यानं तांब्या काकूंच्या हातात दिला. काकूंनी डोळे मिटले, देवाला काहीतरी म्हणाल्या आणि मानेपासून शेपटीपर्यंत सगळा तांब्या सावकाश ओतला.

पाणी पाठीवरून असं ओघळलं, जसं अळूच्या पानावरून ओघळतं. एक थेंब टिकला नाही. सगळं खाली, काकूंच्या पायावर.

नवाब उभा. माळावर एवढी माणसं, पण चुलीतली लाकडं तडतडलेली ऐकू येत होती.

नवाबानं मान वळवली. गळ्यातल्या माळेतलं एक फूल तोडलं आणि खाल्लं. मग दुसरं.

"झाडंल, झाडंल, थांबा," पाटील म्हणाले. सगळे थांबले. नवाबानं अर्धी माळ संपवली. व्याही पुढे होऊन म्हणाले, "जरा कानात फुंकर मारा ना कुणीतरी!"

बापू गरजले, "खबरदार! पाटलांनी शब्द दिलाय!"

पाटलांनी पाहुण्यांकडे बघितलं, पेटलेल्या चुलीकडे बघितलं. मग जड आवाजात म्हणाले, "दिलाय. शब्द दिलाय."

पुजाऱ्यानं आणखी थोडी वाट बघितली आणि हात वर केला. "देवाला नको हाय. सोडा."

काकूंनी तांब्या खाली ठेवला, म्हसोबासमोर डोकं टेकलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी माझं बोललेलं पुरं केलं बरं का. आणून दिला. आता तूच घेईना, त्याला मी काय करू?"

आणि लगेच उठून भावाला म्हणाल्या, "बाजारातून वांगी आण पोतंभर. मसाला वाया जायला नको."

मामूंनी सुरी परत कापडात गुंडाळली. त्या दिवशी जत्रेला पहिल्यांदा मी त्यांना जेवताना बघितलं. वांग्याची भाजी, तीन वाट्या!

बापू मात्र भाकरी मोडत, रश्शात वांगं बाजूला सारत बसले होते. पाटील शेजारी बसून म्हणाले, "खा आता. तुमचंच मत हाय ते, वांग्यासारखं लागायलंय." आणि मग देवळाकडे बघून कपाळाला हात लावला. "आजवर मला वाटत व्हतं, गावात एकच माणूस येडा हाय. आता तर म्हसोबाबी बापूच्या पार्टीत गेला!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. बादली आणि कपड्याचा साबण घेऊन बापूंच्या दारात गेलो. नवाबाच्या अंगाला धूळ, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या असं सगळं चिकटून तो गोधडीसारखा दिसत होता.

मी घासायला लागलो, तेवढ्यात बापू बाहेर आले. त्यांच्या डोक्याला आज तेल नव्हतं. टाळू कोरडी, पांढरी. त्यांना असं मी कधीच बघितलं नव्हतं.

ते माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "दत्ता, नवी बाटली व्हती रे माझी. पुरी संपवलीस?"

मी दचकलो. "मी? मला वाटलं तुमी!"

"मी? मी कशाला? मी तर मनातून तयारी केली व्हती, पहिली वाटी..." बापू थांबले. "मग मामू?"

"मामूंना वाटायलंय, तुमी."

आम्ही दोघं नवाबाकडे बघायला लागलो. साबण लावून तेल सुटलेल्या पाठीवर मी तांब्या ओतला. नवाब नाकापासून शेपटीपर्यंत असा थरारला की बापू, मी आणि मागची भिंत, तिघंही भिजलो.

बापू तोंड पुसत म्हणाले, "आता तुझा होकार कुणी मागितलाय रे!"

आतून भाकरी थापायचा आवाज येत होता. तो थांबला. कौसाकाकू आतूनच म्हणाल्या, "दत्ता, कानाच्या मागं नीट घास बाबा. तिथं जरा जास्त लागलंय."

परत भाकरी थापायचा आवाज यायला लागला.

मी कानाच्या मागं नीट घासलं.